आरसीसीबी ३० ला पडतो, मग फिजिओच्या ५२ मिलीअँपिअरवर आई गप्पा कशी मारते?

तुमचा प्रश्न वाचला आणि खरं सांगू का, बावीस वर्षं गोव्यात डिचोलीत फिजिओथेरपी करतेय पण इतका नेमका प्रश्न पेशंटच्या घरच्यांनी क्वचितच विचारलाय. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहिते. आई ६३ वर्षांच्या, गुडघे झिजलेत, डॉक्टरांनी दहा दिवस करंट घ्यायला सांगितला. तुम्ही स्वतः वायरिंगची कामं करता, बाजूला बसून बघितलं तर मशीनच्या डब्यावर ५२ मिलीअँपिअर, आणि घरोघरी तुम्ही जो आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवता तो ३० मिलीअँपिअरलाच पडतो. मग ५२ वर आई मशीनवाल्या मुलीला फणसाच्या सांदणाची रेसिपी कशी काय सांगत होती. त्यात दहा दिवस बरं वाटलं आणि बंद केल्यावर आठवड्यात दुखणं परत आलं. आता घरी मशीन घ्यावं का, सारखा करंट घेऊन नसा खराब होतात का, शेजारच्याचं तोंड वाकडं झालंय त्यालाही करंटच देतायत ते काय, आणि पेसमेकर बसवलेली मावशी म्हणतेय मला पण लाव. एवढं सगळं एका दमात विचारलंत, तर मी पण जरा लांबच लिहिणार, चहा घेऊन बसा.

आधी ते ५२. तुमच्या मेनचा करंट ५० हर्ट्झचा, २३० व्होल्टचा, आणि तो थांबत नाही, सेकंदभर धरलात तर सेकंदभर वाहतोच. मशीनमधला तसा नसतो. तो छोट्या छोट्या ठोक्यांनी येतो, एक ठोका साधारण २०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा पाच हजारावा भाग. डब्यावरचं ५२ म्हणजे त्या ठोक्याची उंची. समजा सेकंदाला असे १०० ठोके, तर अख्ख्या सेकंदात करंट चालू किती वेळ? फक्त २० मिलीसेकंद. उरलेले ९८० काहीच नाही. सरासरी काढलीत तर एक मिलीअँपिअरच्या आसपास येते. आणि दुसरं म्हणजे वाट. दोन्ही पॅड गुडघ्यालाच, तिथून आत जाऊन तिथूनच बाहेर. मेनचा शॉक बसतो तेव्हा हातातून शिरतो, पायातून जमिनीत जातो आणि वाटेत छाती येते. ३० चा आकडा ह्या दुसऱ्या प्रकारासाठी आहे, आणि तोसुद्धा '३० ला माणूस जातो' असा नाही, हृदयाचा ठोका बिघडायच्या आत वीज तुटावी म्हणून आधीच ठेवलेली मर्यादा आहे ती. एक मिलीअँपिअरला मुंग्या जाणवतात, दहा-पंधराच्या आसपास हाताची मूठ अशी आवळते की वायर सोडताच येत नाही, आणि त्याच्या बऱ्याच वर, छातीतून गेला तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. मूठ का आवळते माहितेय? कारण ५० हर्ट्झला स्नायूला सैल पडायला वेळच मिळत नाही, एक झटका संपायच्या आत दुसरा. पावसाळ्यात ओल्या हाताने मोटरचं बटण दाबणारी माणसं आपल्याकडे दरवर्षी जातात, ओली कातडी असली की अडथळा एकदम कोसळतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता मुद्द्याचं. तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात म्हणून तुमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असणार की नस म्हणजे तार आणि मशीनचा करंट त्या तारेतून वाहतो. नाही. इथेच सगळ्यांची गाडी चुकते. नस म्हणजे तार नव्हे, नस म्हणजे फटाक्यांची माळ. नरकासुराच्या रात्री माळ पेटवता तेव्हा काडीची आग शेवटच्या फटाक्यापर्यंत जात नाही ना, काडी फक्त पहिला फटाका पेटवते, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. काडीने पेटवा नाहीतर मशालीने, माळ तेवढीच वाजते. नसेचं तसंच. नसेचा प्रत्येक धागा आतून बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलीव्होल्टने निगेटिव्ह असतो, आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि पडद्यात दारं. बाहेरून करंटने तो फरक थोडा कमी केला की एका ठराविक टप्प्याला सोडियमची दारं धाडकन उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागेचा व्होल्टेज उलटा होतो, आणि त्याने शेजारची दारं उघडतात. एका जागी हा सगळा खेळ मिलीसेकंदभराचा. फरक एवढाच की ही माळ स्वतःच परत भरली जाते आणि परत वाजायला तयार होते. हे शोधायला हॉजकिन आणि हक्सली ह्या दोघांनी माणक्या, म्हणजे स्क्विड, वापरल्या, हो हो, आपण रव्यात घोळवून तळतो त्याच, कारण माणकीला एक नस इतकी जाड असते की तिच्यात तार घालता येते. १९५२ मध्ये त्यांनी सगळं गणित मांडलं, १९६३ मध्ये नोबेल.

त्याच्याही कितीतरी आधी, १७९१ मध्ये, इटलीतल्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचा पाय कसा उडतो ते छापलं होतं. त्याला वाटलं वीज बेडकातच आहे, व्होल्टाला वाटलं दोन धातूंच्या जोडातून येते, दोघांचं भांडण लागलं आणि त्या भांडणातून १८०० मध्ये व्होल्टाने बॅटरी बनवली. गंमत म्हणजे दोघेही आपापल्या जागी थोडेथोडे बरोबर. आपल्याकडे बेडूक मारायला बंदी आहे आणि असायलाच पाहिजे, पण जुनी माणसं सांगतात की ताज्या सोललेल्या बेडकाच्या तंगड्यांवर मीठ टाकलं की त्या थाळीत हलायला लागायच्या. मीठ म्हणजे सोडियम. मशीनबिशीन काही नाही. आणि झाडंसुद्धा ह्यातून सुटलेली नाहीत बरं का, रस्त्याच्या कडेची लाजाळू मिटते ती ह्याच धर्तीच्या विजेच्या लाटेने, जगदीशचंद्र बोसांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत झाडांची ही विजेची उत्तरं दाखवली होती, तेव्हा अर्ध्या लोकांचा विश्वास बसला नव्हता.

असो. तर माळेचा हा हिशोब डोक्यात ठेवलात की पुढचं सोपं आहे. करंट वाढवल्याने एका धाग्यात जास्त जोराचा संदेश जात नाही, जास्त माळा पेटतात एवढंच. आणि सगळ्या माळा एकाच काडीने पेटत नाहीत. जाड धागे आधी पेटतात, ते स्पर्शाचे. मग स्नायू हलवणारे. दुखण्याचे धागे सगळ्यात बारीक, त्यांना पेटवायला खूप जास्त लागतं, म्हणून नीट लावलेल्या मशीनने मुंग्या येतात, दुखत नाही. ठोका जितका आखूड तितकं हे वेगळं करणं सोपं, दोनशे मायक्रोसेकंद उगीच नाही निवडलेले.

आणि स्पर्शाचे धागे पेटवून दुखणं का कमी होतं? ढोपर दाराला आपटलं की तुम्ही काय करता, चोळता. कुणी शिकवलं नाही, लहान पोर पण चोळतं. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल ह्यांनी ह्याला कारण दिलं की पाठीच्या कण्यात दुखण्याचे निरोप वर जायच्या आधी एक फाटक असतं आणि जाड धाग्यांनी गर्दी केली की ते फाटक अर्धंमुर्धं मिटतं. तपशिलात नंतर बरेच बदल झाले पण गाभा टिकलाय. टेन्स नावाचं मशीन म्हणजे हे चोळणंच, पण सेकंदाला ८० ते १२० वेळा आणि हात न दुखवता. दुसरा प्रकार कमी वेगाचा, सेकंदाला दोन ते दहा ठोके, जरा जोराचा, स्नायू टुकटुक उडेल असा, त्यात शरीर स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं सोडतं, त्याचा परिणाम यायला वेळ लागतो पण राहतो जरा जास्त.

क्लिनिकमध्ये आयएफटी नावाचं आणखी एक मशीन असतं, त्याला वरचा ठोक्यांचा हिशोब लागू नाही, चार पॅड आडवेतिडवे लावतात. त्यात एका जोडीतून ४००० हर्ट्झ, दुसऱ्या जोडीतून ४१००, आणि दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे फरकाचा १०० हर्ट्झचा ठेका तयार होतो, भजनात दोन तंबोरे किंचित बेसूर असले की जो घुमारा येतो ना तसंच. जास्त फ्रिक्वेन्सीला कातडीचा अडथळा कमी होतो म्हणून टोचत नाही, हे खरं. खूप खोल जातं वगैरे जे सांगतात ते जरा हातचं राखून ऐका, दुखण्यापुरतं बोलायचं तर टेन्स आणि आयएफटीत मला एवढ्या वर्षांत फार फरक दिसलेला नाही, मशीनच्या किमतीत मात्र भरपूर आहे.

आता कडू भाग. आठवड्यात दुखणं परत आलं, कारण ह्या करंटने गुडघ्यात काही दुरुस्त झालंच नव्हतं. होणारही नव्हतं. झिजलेली गादी करंटने भरत नाही. ब्रिटनच्या नाइस ह्या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात तर सरळ लिहिलंय की टेन्स, आयएफटी वगैरे देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. आमच्या धंद्यात हे उघड बोललेलं आवडत नाही कारण दहा दिवसांचं पॅकेज ह्याच्यावरच चालतं. मी तितकी टोकाला जात नाही. माझा अनुभव असा की करंट ही उसंत आहे, अर्धा-पाऊण तास, कधी दोन-तीन तास दुखणं खाली बसतं, आणि त्या उसंतीत तुम्ही काय करता त्याच्यावर सगळं अवलंबून. आई मशीन काढल्यावर कदंबा बसमध्ये बसून घरी आल्या आणि खाटेवर पडल्या तर त्या उसंतीचा उपयोग शून्य. त्याच वेळात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठल्या-बसल्या, पाय सरळ ठेवून वर उचलला, जिना चढल्या, तर मांडीचा स्नायू तयार होतो आणि गुडघ्याचं ओझं तो घेतो. तुमच्या आईंना दहा दिवसांत व्यायाम कुणी शिकवला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला संशय आहे की एखादा कागद हातात दिला असेल आणि तो आता फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली असेल.

मात्र स्नायूला करंट देणं ही वेगळीच गोष्ट, हे दुखण्याच्या करंटमध्ये मिसळू नका, मशीन कधीकधी तेच असतं पण काम वेगळं. गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू असा रुसतो की पेशंटने कितीही ठरवलं तरी आवळत नाही, तिथे पहिल्या आठवड्यांत करंटने स्नायू आवळून घेतला तर ताकद लवकर येते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. इथे पण साधारण ५० हर्ट्झच, तुमच्या मेनचाच आकडा, पण ठोके आखूड आणि काही सेकंद चालू-काही सेकंद बंद, म्हणजे स्नायूला श्वास घ्यायला वेळ. तरी करंटने आवळलेला स्नायू लवकर दमतो, कारण आपण स्वतःहून आवळतो तेव्हा शरीर बारीक, न दमणारे धागे आधी वापरतं आणि करंट नेमकं उलटं, जाड आणि लवकर दमणारे आधी पेटवतो. पोटाला पट्टा बांधून टीव्ही बघत चरबी घटवायच्या जाहिराती येतात ना, त्यात पट्टा स्नायू हलवतो हे खरं, चरबी वगैरे काही जात नाही, पैसे जातात.

एक केस सांगते, ह्याच्याशिवाय नस म्हणजे काय ते नीट कळणार नाही. चवथीच्या आधी कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, एक बाई आली, पन्नाशीची. दोन दिवस उकिडवी बसून सुपारी निवडली, तिसऱ्या दिवशी सकाळी उठली तर उजवं पाऊल वर उचलेना, चालताना चप्पल फरफटतेय. कुणी म्हणालं अर्धांगवायू, कुणी म्हणालं देवाचं बघा. माझ्याकडे येईपर्यंत तीन आठवडे गेलेले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली हाताला हाडाचा गोटा लागतो, त्याच्या मानेला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते, अगदी कातडीच्या खाली, उकिडवं बसून बसून ती तिथे चेपते. मी पेनासारखा इलेक्ट्रोड घेतला, आधी गोट्याच्या वर, गुडघ्याच्या मागच्या अंगाला लावला, ठोके दिले, पाऊल ढिम्म. मग तोच इलेक्ट्रोड गोट्याच्या खाली चार बोटांवर सरकवला, तेवढाच करंट, आणि पाऊल टणकन वर उडालं. ती बघतच राहिली. 'म्हजोच पांय मरे तो!' असं म्हणाली आणि रडायलाच लागली. मला मात्र तेवढ्यात सगळं कळलं होतं. खालची माळ शाबूत आहे, फक्त मधल्या चार बोटांत दाबल्यामुळे आग पुढे सरकत नाहीये. नस तुटली असती तर तीन आठवड्यांत खालचा भाग मरून गेला असता आणि खालूनही आखूड ठोक्याला पाऊल हललं नसतं. मग फक्त लांबलचक ठोक्याला, १०० मिलीसेकंद वगैरेच्या, स्नायू स्वतःच कसाबसा, गांडुळासारखा वळवळत आवळतो, आणि नस परत वाढायची ती दिवसाला साधारण एक मिलीमीटर, म्हणजे महिनोन्महिने. तिला मी सांगितलं उकिडवं बसणं बंद, पावलाला पट्टी, रोज हा व्यायाम, करंट आठवड्यातून दोनदा आणि तोही पाऊल हलतंय हे तिला दिसत राहावं म्हणून जास्त. दिवाळीच्या आत पाऊल उचलायला लागली. करंटने बरी झाली असं ती गावभर सांगते, मी किती वेळा सांगितलं की बाई तू आपोआपच बरी होणार होतीस, करंटने मला फक्त ते आधी समजलं. ऐकत नाही. उलट पेशंट पाठवते, त्यामुळे मी पण हल्ली गप्प बसते.

शेजाऱ्याच्या वाकड्या तोंडाचं ह्याच हिशोबात बसतं. एका बाजूचं कपाळ पण हलत नसेल, डोळा मिटत नसेल आणि हातापायाला काही नसेल तर बहुतेक चेहऱ्याची नस सुजलीय. कपाळ नीट हलतंय आणि फक्त ओठ वाकडा असेल, बोलणं जड असेल, हात लुळा वाटत असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो, मग आमच्याकडे नाही, १०८ ला फोन आणि सरळ बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. नसेच्या प्रकारात खरा फरक पडतो तो पहिल्या ७२ तासांत डॉक्टरने दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी, आणि डोळा कोरडा पडू न देण्याने, रात्री पट्टी, दिवसा थेंब. दहातली सातेक माणसं काही न करताही पूर्ण बरी होतात. करंटने ती लवकर बरी होतात ह्याला ठोस पुरावा नाही, म्हणून मी चेहऱ्याला सुरुवातीच्या आठवड्यांत करंट लावतच नाही, आरशासमोर बसवून हळूहळू हालचाली शिकवते. पेशंट नाराज होतो. 'मशीन लावलंच नाही' असं बाहेर जाऊन सांगतो.

नसा खराब होतात का? ठोक्यांच्या करंटने, नीट वापरला तर, नाही. धोका दुसरीकडे आहे आणि तो मी स्वतः करून बसलेय. इंटर्नशिपच्या दिवसांतली गोष्ट, डायबिटीसवाले एक आजोबा, त्यांच्या पोटरीला मी सरळ वाहणारा डीसी लावला, औषध कातडीतून आत सोडायला. पॅडचा कापड एका कोपऱ्यात कोरडा राहिला होता, माझं लक्ष नव्हतं. डीसीत एका बाजूला अॅसिड तयार होतं आणि दुसऱ्या बाजूला अल्कली, बॅटरीच्या टर्मिनलसारखं, आणि करंट सगळीकडे सारखा न पसरता एका ठिपक्यातून शिरला की तिथली कातडी शिजते. आजोबांना पायाला जाणीवच कमी, ते बिचारे शांत बसलेले, वर मला सांगतात 'आनीक मातशें वाडय गो, कांयच कळना', म्हणजे आणखी जरा वाढव, काहीच कळत नाही. आणि मी वाढवला. पॅड काढलं तर एक रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग, भरायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून माझ्या टेबलवर दोन परीक्षानळ्या असतात, एकीत गरम पाणी एकीत गार, ज्याला डोळे मिटून गरम कुठलं आणि गार कुठलं हे सांगता येत नाही त्याला त्या जागी करंट नाही, मग तो कितीही आग्रह करो.

हे 'मातशें वाडय' प्रकरण मोठं आहे आपल्याकडे. जास्त झटका म्हणजे जास्त पैसे वसूल.

मावशींना सांगा, नाही. पेसमेकर हृदयाची स्वतःची वीज ऐकत असतो, ठोका चुकला तर तो स्वतः देतो. बाहेरून कुणी सेकंदाला शंभर ठोके वाजवायला लागलं तर त्याला वाटू शकतं की हृदय चाललंय, आणि तो गप्प राहील. हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या डॉक्टरला विचारून, मॉनिटर लावून करतात कधीकधी, पण घरी, तुमच्या मशीनवर, अजिबात नको. आणि त्यांना हेही सांगा की त्यांच्या छातीत आधीच जगातला सगळ्यात उपयोगी करंट चालू आहे. पहिला आत बसवलेला पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन ह्या माणसाला बसवला, तो काही तासच चालला, मग दुसरा, असं करत करत त्यांनी आयुष्यात पंचवीसच्या वर बदलले आणि २००१ मध्ये ८६ व्या वर्षी गेले. हृदय थरथरायला लागलं की छातीला जो एकच मोठा झटका देतात तोही करंटच, आणि पार्किन्सनच्या कंपासाठी मेंदूत बारीक तार घालून सेकंदाला शंभराहून जास्त ठोके देतात, १९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये ते पहिल्यांदा नीट जमलं, तोही करंटच. ह्या ठिकाणी पुराव्याबद्दल कुणी वाद घालत नाही. करंट नेमका जागेवर गेला की कमाल करतो, आमच्या पॅडांचा प्रॉब्लेमच हा की कातडीवरून सगळं अंदाजपंचे.

आता मशीन घ्यावं का. आईंना दहा दिवस खरंच बरं वाटलं होतं आणि त्या व्यायाम करणार असतील तर घ्या, दोन-अडीच हजारांतलं बॅटरीवरचं साधं टेन्स पुरे, फक्त ठोक्याची लांबी आणि वेग दोन्ही बदलता येतील असं बघा, नुसती एक ते वीस आकड्यांची चक्की असलेलं नको. चार्जिंगला लावलेलं असताना वापरायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. वेग १००, ठोका २००, चार पॅड वाटीच्या चार बाजूंना, वाटीवर नाही. आवाज वाढवतो तसा हळूहळू वाढवत जा, जोरात मुंग्या पण दुखत नाही आणि स्नायू उडत नाही अशा जागी थांबा, पाच-सात मिनिटांत सवय होऊन मुंग्या मंदावतील तेव्हा एक पायरी वर. अगदी कमीवर ठेवून तासभर बसण्यात अर्थ नाही, जोर पुरेसा असला तरच काम होतं. अर्धा तास, आणि शेवटची दहा मिनिटं मशीन चालू असतानाच खुर्चीवरून उठ-बस. झोपताना नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीच नको, गरोदर बाईच्या पोटाला-कमरेला नको, कॅन्सरच्या जागी, पायात रक्ताची गुठळी असेल तर, जखमेवर, नको. गुडघ्यात प्लेट किंवा रॉड असला तर टेन्स चालतं, लोक उगाच घाबरतात. क्लिनिकमध्ये जी शेक देणारी मोठी मशीन असते, २७ मेगाहर्ट्झची, दोन डबे समोरासमोर ठेवतात ती, तिच्याजवळ मात्र आत धातू असलेल्याने जायचं नाही, तिथे धातूच्या आजूबाजूला आत भाजतं आणि बाहेर काही दिसत नाही.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट, जी कुठल्याच मशीनच्या कागदावर लिहिलेली नसते. आपल्याकडे गुडघेदुखीच्या प्रत्येक बाईच्या पायाला खोबरेल नाहीतर कसलं तरी औषधी तेल असतंच, माझ्याकडे सकाळी येणाऱ्या दहा बायकांत आठ जणींच्या साडीला वास असतो. तेल म्हणजे इन्सुलेटर. पॅड लावलं की करंट जातच नाही, मग वाढवतात, मग जिथे तेल कमी तिथूनच सगळा शिरतो आणि चटका बसतो, आणि मशीन खराब निघालं म्हणून परत पाठवतात. त्यामुळे आधी साबणाने धुवा, टॉवेलने पुसा, मग पॅड. पावसाळ्यात ती जेलची पॅड आपल्या दमट हवेत चारच दिवसांत बुळबुळीत होतात, वापर झाला की प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवून झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि त्याच वेळी दारावर बघा तो व्यायामाचा कागद अजून आहे का.